सूतखात्यातली स्पिन्स्टर

त्या गल्लीत दारावर पाटी असलेली घरं तीनच होती. एक कंपाउंडरचं, लोक त्याला डॉक्टर म्हणायचे आणि तो कधी खोडून काढत नसे. दुसरं फिटरचं, आपल्यावाचून गिरणीचं चाक फिरत नाही अशी त्याची पक्की समजूत होती. आणि तिसरं ताईचं. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात तिचं नाव आणि नावाखाली एकच शब्द, एकदा आपल्या अक्षरांत आणि एकदा इंग्रजीत: स्पिन्स्टर.

कुणी नवखा विचारायचा, हे काय म्हणून. ताई सांगायची, "माझं काम. फिटर, टर्नर, तशी स्पिन्स्टर. सूत काढणारी." सांगताना तिची मान जरा ताठ व्हायची. ऐकणारा शिकलेला असला तर तो चपलेकडे बघायला लागायचा. ताईला वाटायचं, बाईमाणसाच्या तोंडून हुद्दा ऐकायची सवय नाही बिचाऱ्याला.

पस्तीस वर्षं ती पाटी तिथे होती.

ताई सतरा वर्षांची असताना तिचा बाप गेला. गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होता. खोकून खोकून छातीचं खोकं झालं आणि एका सकाळी पाळीला उठलाच नाही. मागे आई, सांधे धरलेली, उठताबसता आधार लागणारी, आणि सात वर्षांचा धाकटा भाऊ. गेलेल्या कामगाराच्या घरातलं एक माणूस गिरणी घ्यायची. त्या घरात घेण्यासारखं माणूस एकच होतं. ताईनं शाळेची पुस्तकं शेजारच्या मुलीला देऊन टाकली आणि सूतखात्यात साच्यापुढे उभी राहिली.

साचा म्हणजे खोलीभर लांबीचं यंत्र. दोन्ही अंगांना शेकडो चात्या गरागरा फिरत असतात, वरून कापूस बारीक होत होत खाली येतो, पीळ खातो आणि कांडीवर सूत होऊन बसतो. मधेच कुठेतरी धागा तुटतो. बाईचं काम ते तुटलेलं टोक शोधायचं. फिरती चाती हातानं थोपवायची, कांडीवरचं टोक उचलायचं, वर रुळाशी न्यायचं आणि येत्या कापसात असं मिसळून द्यायचं की जोडलंय हे सुताला स्वतःलाही कळू नये. गाठ मारायची नाही. गाठ आली की पुढे विणणाऱ्यांच्या शिव्या. ताईचा सांधा उजेडात धरून बघितला तरी सापडायचा नाही. खात्याचा मुकादम, जॉबर, नव्या मुलींना पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगायचा, "जा, तिच्या शेजारी उभी राहा आणि हाताकडे बघ, तोंडाकडे नको."

पाळी सुटून बाहेर आली की तिच्या भुवयांवर, पापण्यांवर कापूस बसलेला असायचा. विशीतली मुलगी म्हातारी दिसायची. घरी आल्यावर धाकटा ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसायचा आणि म्हणायचा, झाली माझी ताई पुन्हा तरुण. तो तिच्या गळ्यातला ताईत होता. तिनं त्याला इंग्रजी शाळेत घातलं. तो मोठमोठ्यानं धडे वाचायचा आणि ती भांडी घासता घासता ऐकत राहायची. एक अक्षर कळत नव्हतं, पण आपल्या घरात इंग्रजी बोललं जातंय याचंच तिला कौतुक होतं.

दहा वर्षांनी तिनं घर घेतलं. गावी परतणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याचं, दोन खोल्या आणि मागे अंगण. कागद करायला ती कोर्टाबाहेरच्या दस्तलेखकाकडे गेली. हा गृहस्थ स्टुलावर टाइपरायटर घेऊन बसायचा आणि खुद्द इंग्रजांनी टाकून दिलेलं इंग्रजी लिहायचा. साधं घर विकायचं तरी त्याच्या कागदात पानभर वाक्य असायचं आणि पूर्णविराम शोधावा लागायचा. तो कागद तिनं घरी आणला आणि भावाला म्हटलं, वाच. तो सतरा वर्षांचा झाला होता, शाळेत पहिला येत होता.

तो वाचत गेला. तिचं नाव आलं तेव्हा तिनं थांबवलं. नावामागे एक शब्द होता, तो तिनं बोटानं दाखवला. दस्तलेखकाला विचारलं तर तो म्हणाला होता, कायद्याचा शब्द आहे, लागतो.

भावानं जाडा शब्दकोश काढला. पानावरून बोट फिरवलं, एका जागी थांबला, पुन्हा वरून वाचलं.

"सूत काढणारी बाई," तो म्हणाला.

ताईनं तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली. बापाच्या आयुष्यातल्या प्रत्येक कागदावर 'मजूर' लिहिलेलं होतं. दवाखान्याच्या कागदावर, रेशनच्या कार्डावर, शेवटी मेल्याच्या दाखल्यावरसुद्धा. हिच्या नावामागे मात्र कसब लिहिलं होतं. ज्याला कायदा ओळखतो असं कसब. त्याच आठवड्यात ती पाट्या रंगवणाऱ्याकडे गेली. भाऊ म्हणाला, "कशाला ताई पाटी? कागदात आहे तेवढं पुरे की." ती म्हणाली, फिटरनं लावली तर चालते? त्यानं मान डोलावली. खिळे मात्र त्यानं ठोकले नाहीत. अभ्यास आहे म्हणाला. तिनंच ठोकले.

काटेवाला तिच्या आयुष्यात आला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. भरलेल्या कांड्या गाडीत घालून काट्यावर न्यायच्या, तिथे वजन व्हायचं, तिथला हा माणूस. दोन बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेलं. बोलणं मोजकं. एकदा तिची गाडी काट्यावर चढली तेव्हा म्हणाला, "चिठ्ठी नसली तरी तुमच्या कांड्या मी ओळखतो." कशा म्हणून तिनं विचारलं. "हात लावला की कळतं," तो म्हणाला आणि लगेच वहीत डोकं घातलं. सूतखात्यातल्या बायकांना एवढं पुरलं. सुतावरून स्वर्ग गाठण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. सूत जुळलं, सूत जुळलं, म्हणून त्या तिला साच्यामागून चिडवायच्या आणि ती वैतागल्याचं दाखवायची. त्या दोन वर्षांत ती कांड्यांची गाडी दुसऱ्या कुणाला ढकलू द्यायची नाही.

मग एके दिवशी त्यानं विचारलं, रविवारी घरी येऊ का, तुमच्याकडे थोरलं कोण आहे बोलायला?

"थोरली मीच," ताई म्हणाली. मग तिलाच ते बरं वाटलं नाही. "पण भाऊ आहे. त्याच्याशी बोला."

भाऊ तेव्हा विमा कचेरीत नुकताच चिकटला होता. त्या रविवारी ताईला जादा पाळी होती. ती बदलून घ्यायला निघाली तर भाऊ म्हणाला, "असू दे. तू समोर असलीस की त्यालाही मोकळं बोलता येणार नाही आणि मलाही." तिला ते पटलं. दिवसभर साच्यावर तिच्या हातून तीन वेळा गाठ पडली.

घरी आली तेव्हा भाऊ उंबऱ्यावर बसला होता. म्हणाला, आला होता तुझा काटेवाला. घर आतून-बाहेरून बघितलं. भिंतीवर थाप मारून बघितली. विचारलं, घर कुणाच्या नावावर आहे आणि लग्नानंतर कुणाच्या नावावर करणार. "मी म्हटलं, चहा घ्या आणि निघा." आत आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ताईनं हाक मारली, पण ती वळली नाही.

दुसऱ्या दिवशी काट्यावर त्यानं मान वर केली नाही. चोराच्या मनात चांदणं, ताईला वाटलं. रडली असेल तर कुणी बघितलं नाही, पण जीभ तिनं मोकळी सोडली. एकदा दहा-बारा जणींसमोर ती म्हणाली, "सांभाळून गं. इथे नुसत्या कांड्या नाही, बाई घरासकट तोलतात." बायका हसल्या. काटेवाल्याचे कान लाल झाले. त्यानं आकडा लिहिला, चिठ्ठी फाडून दिली आणि पुढची गाडी घेतली. असं एकदा नाही झालं. जेव्हा जेव्हा त्याच्यापुढे जायची वेळ आली तेव्हा तेव्हा तिनं त्याला काहीतरी ऐकवलं, आणि तो खालमानेनं ऐकत राहिला. पुढे त्याचं लग्न झालं, हे तिला तिसऱ्याकडून कळलं.

नंतर दोन स्थळं आली, तीही फिसकटली. मग येणं थांबलं. आई गेली. भावाचं लग्न झालं, मुलगा झाला, मुलगी झाली, मागच्या अंगणात तिसरी खोली निघाली. ताईची खाट पुढच्या खोलीत आली, कारण तिची पाळी पहाटेची, उगाच सगळ्यांची झोपमोड नको. भावजय तशी वाईट नव्हती. वन्सं, वन्सं करत ताट आधी ताईला वाढायची. भावाच्या कचेरीतले लोक जोडीनं यायचे तेव्हा दारातून आत येता येता पाटीपाशी घुटमळायचे, आणि मग मधल्या खोलीतून हसण्याचा गलका ऐकू यायचा. ताईला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरात माणसं हसतायत, चांगलंच आहे.

ती चोपन्न वर्षांची असताना गिरणी बंद झाली. साचे भंगारवाल्यांनी तोडून नेले. ताईकडे खोकला तेवढा राहिला, बापाच्या जातीचा. मोठ्या दवाखान्यात मंगळवारी गिरणीच्या लोकांना तपासायचे. बाकावर बसायचं, नंबर आला की आत जाऊन एका नळीत जोर लावून फुंकायचं आणि मग डॉक्टर मान हलवायचा. अशाच एका मंगळवारी ती बाकावर टेकली आणि शेजारी बघितलं तर काटेवाला. केस पांढरे, खांदे वर चढलेले, तोंडानं श्वास घेत होता. ती उठायला गेली, पण दुसरीकडे जागा नव्हती.

आधी तोच बोलला. "अजून राग गेला नाही तुमचा?"

"राग कसला? तुम्हाला घर हवं होतं, मिळालं नाही. संपलं."

"कसलं घर?"

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. तो सोंग करत नव्हता. साठीच्या पुढचा, दम लागलेला माणूस, त्याला सोंगाला श्वास कुठून पुरणार?

"घराचं नाव कुणी काढलं?" तो थांबत थांबत म्हणाला. "मी तुम्हाला मागायला आलो होतो. तुमचा भाऊ मला परत दारात घेऊन गेला. पाटी दाखवली. म्हणाला, ताईनं लिहून ठेवलंय, तुम्ही वाचलं नाहीत का? मला कुठलं इंग्रजी. तो म्हणाला, ज्या बाईला लग्न करायचं नसतं तिला हा शब्द लावतात. घराच्या कागदातसुद्धा तिनं घालून घेतलाय. कागदही काढून दाखवला."

"स्पिन्स्टर म्हणजे सूत काढणारी," ताई म्हणाली.

"मलाही वाटलं, पोरगा काहीतरी सांगतोय. म्हणून सोमवारी आपल्या हेडक्लार्कला विचारलं. तो हसला. म्हणाला, बिनलग्नाची, वय उलटलेली बाई." त्यानं दम घेतला. "मग मी काय बोलणार? माणसानं दारावर एवढं ठळक लिहिल्यावर पुन्हा विचारणं बरं दिसलं नसतं. आणि तुम्ही तर त्यानंतर माझ्यावर अशा चिडून असायचात. मला वाटलं, मी विचारलं याचाच राग आलाय."

त्याचा नंबर आला. त्याची मुलगी त्याला धरून आत घेऊन गेली. ताईनं आपला नंबर सोडून दिला आणि घरी चालत आली.

भाची शाळेत इंग्रजी शिकवायची. ती चार वाजता आली तेव्हा ताई शब्दकोश मांडीवर घेऊन बसली होती, तोच, धाकट्यानं शाळेत वापरलेला, पाठ फाटलेला. म्हणाली, शब्द काढून दे आणि जेवढं लिहिलंय तेवढं सगळं वाच, एक ओळ सोडू नकोस. भाचीचा चेहरा उतरला. तिनं वाचलं. पहिला अर्थ, सूत काढणारी बाई. जुना, आता वापरात नाही. दुसरा, कायद्याच्या कागदपत्रांत अविवाहित बाईच्या नावामागे लावायचा शब्द. तिसरा, लग्नाचं वय उलटून गेलेली बाई, बहुधा चेष्टेनं. भाची समजावून सांगायला लागली, की फार पूर्वी सूत काढून बायका स्वतःचं पोट भरायच्या, त्यामुळे त्यांना लग्नावाचून अडायचं नाही, म्हणून एकाचं दुसरं झालं. मग कोर्टानं उचललं, मग लोकांनी त्याची थट्टा केली. आता तर कुणी वापरतच नाही गं आत्या तो शब्द, फॉर्मवर नुसतं सिंगल लिहितात.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

भाचीनं शब्दकोश मिटला. ताईनं पुन्हा विचारलं.

"पाचवीत असताना," ती म्हणाली. "शाळेत शब्द आला. मी घरी येऊन बाबांना विचारलं. ते म्हणाले, आत्याला सांगायचं नाही, तिला वाईट वाटेल." मग खालच्या आवाजात, "दादा आणि मी हसायचो. लहान होतो आम्ही."

ताईनं स्वयंपाकघरातली सुरी घेतली, दारात गेली आणि पाटीचे खिळे उचकटून काढले. गल्लीतून जाणारा फिटरचा नातू थांबून बघत राहिला. संध्याकाळी भंगारवाला आला त्याला तिनं ती देऊन टाकली.

भाऊ फिरून आला आणि रोजच्यासारखा वर्तमानपत्रातलं इंग्रजी शब्दकोडं घेऊन खिडकीशी बसला. मुदतीआधीच निवृत्ती घेतल्यापासून हा त्याचा उद्योग. ताई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, दवाखान्यात काटेवाला भेटला होता.

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. बराच वेळ चष्मा पुसला.

"मी सतरा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "तीन अर्थ होते. मी पहिला सांगितला. तुला आनंद झाला. मग तो हिरावून कसा घेणार?"

"ते सोड. ते मी पोटात घातलं असतं. पण मला पहिला सांगितलास आणि त्याला तिसरा. तेव्हा तू सतरा वर्षांचा नव्हतास."

"तू गेली असतीस तर आईचं काय झालं असतं? माझी नोकरी कच्ची होती."

"हे मला विचारायचं होतंस. मी थांबले असते. वर्षभर, दोन वर्षं. तोही थांबला असता."

मग भाऊ जे बोलला ते ऐकून ताईला त्याची शिसारी आली. तो म्हणाला, "मी नाही म्हणत होतो. आईच म्हणाली, काहीतरी कर आणि त्याला वाटेला लाव."

आईला जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती हे ताईला आठवलं. म्हणजे खरंही असेल. किंवा आईनं सगळं ऐकलं आणि तिला ते सोसलं नाही म्हणून तिनं तोंड फिरवलं, असंही असेल. आता विचारणार कुणाला? मेलेल्याच्या नावावर काहीही खपतं. ताईला त्या क्षणी कळलं की ह्यानं नवरा गमावायला लावला तो लावलाच, आज आईही नेली. लोक केसानं गळा कापतात. हा तिच्याच सुतानं कापून मोकळा झाला होता.

ती एवढंच म्हणाली, "कोडं पुरं कर तुझं."

घर भाच्याच्या नावावर बक्षीस म्हणून करून द्यायचं आधीच ठरलं होतं. ताईनंच सुचवलं होतं. मी काय वर घेऊन जाणार आहे, म्हणाली होती. कागद तयार होते, पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली होती. भावाला वाटलं, ती आता मोडता घालेल. पण ताई गप्प होती. गुरुवारी सकाळी तिनं धुतलेलं, इस्त्रीचं पातळ नेसलं आणि सगळ्यांबरोबर निघाली. भावजय वाटेत म्हणालीसुद्धा, वन्संचं मन मोठं आहे.

नोंदणी कचेरीत पंख्याखाली रांग होती. त्यांची पाळी आली. अधिकारी तरुण होता, दिवसातून पन्नास वेळा विचारायचा प्रश्न त्यानं मान वर न करता विचारला, "बाई, हे राजीखुशीनं देताय ना? कुणी जबरदस्ती केली नाही ना?"

"राजीखुशीनं नाही," ताई म्हणाली.

अधिकाऱ्यानं मान वर केली. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, त्याच आवाजात. भाचा पुढे होऊन काही बोलायला लागला, तर अधिकाऱ्यानं हात वर केला, कागद बाजूला ठेवले आणि पुढचा नंबर पुकारला. ताई बाहेर येऊन बसच्या थांब्यावर उभी राहिली. हे तिनं आदल्या रात्रीच ठरवलं होतं की ऐन वेळी सुचलं, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

महिन्याभरात भावाचं बिऱ्हाड हललं. भाच्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्यानं जागा घेतली. जाताना भावजयीनं सगळं घासूनपुसून ठेवलं, गॅसचा नळ बंद केल्याचं सांगितलं. भाऊ टेम्पोत पुढे बसून राहिला, उतरला नाही. गल्लीत दोन तट पडले. कुणी म्हणे, म्हातारीनं बरं केलं. बहुतेक म्हणत, म्हातारपणी बुद्धी फिरली, सख्ख्या भावाला रस्त्यावर काढलं. कंपाउंडरची बायको तोंडावर म्हणाली, एका शब्दापायी एवढं? ताईनं तिला उत्तर दिलं नाही. द्यायला गेली असती तर दिवस पुरला नसता.

एक काम उरलं होतं. पुढच्या मंगळवारी ती लवकर दवाखान्यात गेली आणि काटेवाल्याची वाट बघत बसली. तो आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. आपल्याला तिसरा अर्थ ठाऊक नव्हता. भावानं घराची कहाणी रचली. काट्यावर जे जे तोडून बोलले ते त्या कहाणीवर विश्वास ठेवून. तिनं हात जोडले.

तिला वाटलं होतं, त्याच्या छातीवरचं ओझं हलकं होईल. तो मात्र तिच्याकडे बघतच राहिला आणि हळूहळू त्याचा चेहरा आवळत गेला.

"कशाला सांगितलंत?" तो म्हणाला.

तिनं जोडलेले हात खाली घेतले.

"मी समजत होतो, तुम्ही ठरवलं होतं. माणसानं ठरवलं की त्याच्यापुढे इलाज नसतो, म्हणून मी गप्प बसलो आणि संसाराला लागलो. बायको भली होती, तीही गेली. आता सांगता की एकदा तुमच्याशी बोललो असतो तर झालं असतं. रोज गाडी घेऊन समोर उभ्या राहायचात तुम्ही. दोन हातांवर." त्याला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. मुलगी पाणी घेऊन आली. शेवटी तो एवढंच म्हणाला, "हे घेऊन मी आता कुठे जाऊ?"

पुढच्या महिन्यात तो दिसला नाही. ताईनं चौकशी केली तेव्हा नर्स म्हणाली, त्यांनी दिवस बदलून घेतलाय, आता शुक्रवारी येतात. ताई शुक्रवारी गेली नाही.

मधली खोली तिनं कपडे शिवायच्या कारखान्यातल्या दोघींना भाड्यानं दिली. त्या सकाळी जायच्या, अंधार पडताना यायच्या, स्वतःचं स्वतः करायच्या. भाची सुरुवातीला दर रविवारी यायची, मग महिन्यातून एकदा, मग तिचं लग्न झालं आणि पत्रिका पोस्टानं आली. ताई गेली नाही. भाचीनं फोन केला, रडली, आत्या मी काय केलं, म्हणाली. ताईनं तिला खरं तेच सांगितलं, की तू काही केलं नाहीस, पण तुझ्याकडे बघितलं की मला ती दोन मुलं हसताना दिसतात. त्यानंतर फोनही थांबला. हे बोलायला नको होतं असं ताईला पुष्कळदा वाटलं. पण शब्द मागे घ्यायची रीत तिला कुणी शिकवली नव्हती.

चार वर्षांनी भाऊ आजारी पडला. भाचा निरोप घेऊन आला, बाबा तुझी आठवण काढतात. ताईनं त्याला बसायला सांगितलं, चहा केला, आजाराची सगळी विचारपूस केली, कोणता डॉक्टर, काय औषध. मग म्हणाली, येणार नाही. तो दोनदा आणखी आला. दोन्ही वेळा तिनं चहा केला.

भाऊ गेल्याचं कळलं त्या दिवशी ती रात्रभर जागी होती. धाकटा ओलं फडकं घेऊन तोंड पुसायचा ते तिला आठवलं आणि ती रडली, पोटभर. सकाळी उठून तिनं तोंड धुतलं. तिसऱ्या दिवशी दोन बस बदलून ती भावजयीला भेटायला गेली. तिसऱ्या मजल्यावर जागा होती. प्रत्येक वळणावर कठड्याला धरून थांबत, धापा टाकत ती वर पोचली. भाच्यानं खुर्ची दिली. भावजय खाली सतरंजीवर बसली होती, एकदम लहान दिसत होती.

भाच्यानं पाणी आणून दिलं. मग भावजय म्हणाली, "वन्सं, शेवटच्या दिवसांत सारखे तेच म्हणायचे. ताई येणार नाही. ताई मला माफ करणार नाही."

"बरोबर ओळखलं होतं त्यानं," ताई म्हणाली.

भावजयीनं मान खाली घातली. ताई अर्धा तास बसली. दिलेलं पाणी प्याली, तू जेवतेस का, झोप लागते का, हे विचारलं. मग पदर सावरून उठली. भाचा म्हणाला, थांब, मी खालपर्यंत सोडतो. ती नको म्हणाली आणि कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागली.